चार नंबरवरचा जुना ब्राउझर

बोलतोय तो मी, यायाग्वा गावातल्या 'एल सोकावोन' नावाच्या इंटरनेटच्या दुकानातला, चार नंबरच्या कॉम्प्युटरवरचा जुना ब्राउझर. पूर्वी बोलायला फुरसत नव्हती. आता फुरसतच फुरसत आहे, पण अंगात त्राण नाही. तरी बोलतो. उद्यापर्यंत राहीन की नाही, सांगता येत नाही.

माझा जन्म कुठे झाला, मला लिहिलं कुणी, ते विचारू नका. तिकडची मोठमोठी माणसं, मोठमोठ्या इमारती. त्यांनी मला घडवलं आणि माझ्यासारख्या लाखोंना जगभर सोडून दिलं. मला पहिली शुद्ध आली ती इथे, खाणीच्या डोंगराच्या पायथ्याशी. सेनोबियोभाऊंनी खाणीतलं काम सुटल्यावर हे दुकान टाकलं. 'सोकावोन' म्हणजे खाणीतला बोगदा. "सगळा जन्म बोगद्यात गेला, आता दुकान तरी दुसऱ्या कशाचं कसं असेल?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि खो-खो हसायचे. हसता हसता खोकायचे. ती खाणीची धूळ, ती काही त्यांना सोडून गेली नाही.

पाच कॉम्प्युटर. मी चार नंबरवर, दाराशेजारी. त्यामुळे पडद्यावरचं तर दिसायचंच, पण बाहेरच्या बाजाराचा सगळा गलबलाही कानावर पडायचा.

काय दिवस होते ते! सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की माझ्यावर झुंबड. कुणाला परीक्षेचा निकाल पाहायचाय, कुणाला चिलीतल्या भावाशी बोलायचंय, कुणाला नुसतंच गाणं ऐकायचंय. "अहो भाऊ, हे उघडत नाही!" "जरा दम धर की, डोंगरावर आहे इंटरनेट, चढून यायला वेळ लागतो." माणसं पान उघडेपर्यंत टेबलावर बोटं वाजवायची, जांभया द्यायची, शेजारच्याच्या पडद्यात डोकावायची. एक गोष्ट मी तेव्हाच शिकलो. माणसाला स्वतःच्या पत्रापेक्षा दुसऱ्याचं पत्र जास्त वाचावंसं वाटतं.

कार्निवलच्या मंगळवारी तर आमची पूजाच असायची. सेनोबियोभाऊ पाचही कॉम्प्युटरांना रंगीत कागदी माळा घालायचे, वर पाकळ्या उधळायचे आणि बियरचे चार थेंब जमिनीला देऊन चार आमच्यावर शिंपडायचे. एका वर्षी हात जरा सैल सुटला आणि दोन नंबरचा कीबोर्ड कायमचा गेला. "गेला तो गेला, पण तृप्त होऊन गेला," म्हणाले. असा माणूस.

ह्या गावात प्रत्येक गोष्टीला धर्मआई किंवा धर्मबाप लागतो. बाळाच्या बाप्तिस्म्याला तर लागतोच, पण पहिले केस कापायला वेगळा, लग्नातल्या केकला वेगळा, नव्या घराच्या छपराला वेगळा. फुटबॉलच्या नव्या चेंडूलासुद्धा धर्मबाप पाहिला आहे मी. तेव्हा इलारियाबाईंच्या ई-मेलला धर्मआई नको?

इलारियाबाई दुकानासमोरच आपी विकतात. आपी म्हणजे जांभळ्या मक्याचं दाट, गरम पेय. सोबत चीज भरून तळलेली, हवेनं टम्म फुगलेली पुरी. थंडीत गाव त्यांच्या पातेल्याभोवती उभं असतं. बाईंना लिहिता-वाचता येत नाही. एकुलता एक मुलगा, लिंबेर. तो एकवीस वर्षांचा झाला आणि ब्राझीलला, साव पाउलोला, शिवणकामाच्या कारखान्यात निघाला. जाण्याआधी आईला घेऊन आमच्याकडे आला. "आई, तुला पत्ता काढून देतो. मी लिहीन, सेनोबियोकाका वाचून दाखवतील."

"काढ बाबा. पण धर्मआई कोण?" बाईंनी विचारलं.

लिंबेर हसला. "ई-मेलला कुठे असते धर्मआई?"

"चेंडूला असते, माझ्या पोराच्या पत्रांना नाही? बोलव बासिलियाला!"

बासिलियाबाई समोरच्याच फुटपाथवर बटाटे विकायच्या. लिंबेरच्याही धर्मआई त्याच. मुलाची आई आणि त्याची धर्मआई एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात, आणि ते नातं सख्ख्या बहिणींपेक्षा घट्ट असतं असं इथे मानतात. बासिलियाबाई हात एप्रनला पुसत आल्या, चांगली टोपी घालून आल्या. बाळाचे पहिले केस धर्मआई कापते, तसा पहिला पासवर्ड धर्मआईच टाकणार असं ठरलं.

"सगळ्यांनी तोंडं फिरवा," बासिलियाबाई म्हणाल्या. "तुम्हीही, भाऊ. गुपित आहे हे."

सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. एवढा वेळ लागला की लिंबेरनं उभ्या उभ्या एक डुलकी काढली असेल. मग मी माझ्या सवयीप्रमाणे विचारलं: हा पासवर्ड लक्षात ठेवू का? लिंबेरनं पटकन 'हो' दाबलं. आईला पुढे अडचण नको म्हणून.

झालं. तेव्हापासून ते गुपित जगात दोघांनाच ठाऊक. बासिलियाबाईंना आणि मला.

पत्रं येऊ लागली. इलारियाबाई सोमवारी यायच्या, दुपारची गर्दी ओसरली की. मी ठिपक्याठिपक्यांत पासवर्ड भरून ठेवायचो, सेनोबियोभाऊ एक बटण दाबायचे आणि पत्र वाचायचे. 'आई, इथे फार थंडी नसते. आई, आज शर्टांच्या शंभर बाह्या शिवल्या. आई, इथल्या मक्याला आपल्या आपीची चव नाही.' बाई ऐकायच्या, मान डोलवायच्या, मध्येच म्हणायच्या, "परत वाचा ते." बासिलियाबाईही कधी कधी यायच्या. मग दोघी मिळून पोराला उत्तर सांगायच्या, एकमेकींचं वाक्य तोडत. भाऊ टाइप करता करता मेटाकुटीला यायचे.

असं बरीच वर्षं चाललं. मग एक पत्र आलं, आणि तीन आठवड्यांनी बातमी आली. लिंबेर गेला. छातीच्या दुखण्यानं. त्याला तिकडेच पुरलं.

ते शेवटचं पत्र मी उघडलं होतं. पूर्ण. वरपासून खालपर्यंत. सेनोबियोभाऊंनी मात्र ते पूर्ण वाचलं नाही. मध्ये एक परिच्छेद होता, त्यावर ते थांबले, एकदा खोकले, घसा साफ केला आणि थेट खाली उतरले. 'बाकी मी मजेत आहे, आई.' मी दाखवतो, पण वाचून ऐकवत नाही. माझं काम तेवढंच. तोंडात मूग गिळून बसण्यापलीकडे मी काय करणार होतो? पण त्या दिवसापासून जो थकवा आला तो आलाच. वय झालं म्हणून थकलो असं लोकांना वाटतं. खरं कारण हे आहे.

लिंबेर ज्या कारखान्यात होता, तिथे त्याला नेलं होतं ग्रोवेरनं. हा ग्रोवेर बासिलियाबाईंचा भाचा. बातमी आली तशा इलारियाबाई बाजारात उभ्या राहून कडाडल्या. मला दारातून सगळं ऐकू आलं. "तुझ्या भाच्यानं नेला माझा पोरगा! मरेस्तोवर राबवला! घरी पाठवायला काय झालं होतं त्याला? माझ्या समोर पुन्हा तोंड उघडू नकोस, बासिलिया!"

आणि खरंच, तोंड उघडलं गेलं नाही. सहा वर्षं. दोघी रोज समोरासमोर बसायच्या, एक आपीच्या पातेल्यामागे, एक बटाट्यांच्या ढिगामागे, मध्ये आठ पावलांचा रस्ता. बोलायचं झालंच तर गिऱ्हाइकाच्या तोंडून. "समोरच्या बाईला सांगा, तिच्या चुलीचा धूर इकडे येतोय." "समोरच्या बाईला सांगा, वाऱ्याला सांगावं." गिऱ्हाइकं बिचारी आपी पिता पिता निरोप्याचं काम करायची.

आणि हे सगळं माझ्यामुळे निभावलं, हे सांगताना मला लाज वाटते. पासवर्ड मी लक्षात ठेवला होता ना! इलारियाबाईंना त्या कोमाद्रेची गरजच पडली नाही. दर सोमवारी यायच्या. सोमवार हा इथे गेलेल्यांच्या आत्म्यांचा वार. जुनं एखादं पत्र वाचून घ्यायच्या. शेवटचं तर इतक्या वेळा की तोंडपाठ झालं. अलीकडे भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, अक्षरं दिसेनाशी झाली. तरी पत्र उघडायचं, पडद्याकडे तोंड करायचं आणि पाठ असलेलं म्हणायचं. दोघांनाही पाठ, तोच परिच्छेद गाळून. मी समोर पूर्ण पत्र उघडून धरायचो. कुणी बघायचं नाही.

दरम्यान मी म्हातारा होत गेलो. ब्राउझरला म्हातारपण केस पिकून येत नाही, दारं बंद होऊन येतं. आज एक पान म्हणतं, तू जुना आहेस, नवा घेऊन ये. उद्या दुसरं म्हणतं. चित्रं उघडेनात. गाणी लागेनात. एखादं पान उघडलंच तर वेडंवाकडं, एकावर एक चढलेलं. जी पोरं माझ्यावर लहानाची मोठी झाली तीच म्हणू लागली, "चार नंबर नको काका, तो जुनाट आहे." अहो, तुमचा परीक्षेचा निकाल मी दाखवला होता! पण जाऊ द्या. कुणी कुणाचं लक्षात ठेवत नाही. ते काम माझं होतं.

भाऊंची मुलगी जानेत कोचाबांबा शहरातून परत आली आणि तिनं दुकान हातात घेतलं. कामाची बाई. एका सकाळी बसली आणि पाचही कॉम्प्युटरांवर नवा ब्राउझर चढवला. चार ठिकाणी माझे भाऊबंद पुसले. माझ्यापाशी आल्यावर थांबली, कारण माझ्यावर इलारियाबाईंचा पासवर्ड होता. पण नव्याला मुख्य मात्र केलंच. आता कुणी काहीही दाबलं तर तोच उघडणार.

"नमस्कार, आजोबा," नवा म्हणाला. "तुमच्याकडचं सामान देता का? खुणा, पासवर्ड, सगळं घेतो मी, एका मिनिटात."

"घे बाबा," मी म्हणालो. खरंच म्हणालो. मला काय ते बरोबर न्यायचंय? त्यानं हात घातला, चाचपलं, आणि तोंड वाकडं केलं. "अहो, हे कुठल्या जमान्यातलं कुलूप? मला उघडत नाही."

मलाही उघडता येत नव्हतं. मला असंच घडवलं होतं. गुपित मी त्याच पानावर, ठिपक्यांतच भरू शकतो, दुसऱ्याच्या हातात देऊ शकत नाही.

आणि त्याच आठवड्यात ई-मेलच्या पानानं माझ्या तोंडावर दार आपटलं. इतकी वर्षं कुरकुरत का होईना, आत घेत होतं. आता एकच ओळ: हा ब्राउझर चालणार नाही.

सोमवारी इलारियाबाई आल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली, शाल सावरली. जानेतनं नेहमीप्रमाणे मला उघडलं. दार बंद. तिनं नवा उघडला. नव्यानं सरळ विचारलं: पासवर्ड?

"काय म्हणतोय तो?" बाईंनी विचारलं.

"पासवर्ड मागतोय, मावशी. काय आहे?"

"मला काय ठाऊक? तो कॉम्प्युटरच टाकतो की दरवेळी."

"तो जुना टाकायचा. ह्याला माहीत नाही."

"मग जुन्याला विचार!"

जानेतनं मला पुन्हा उघडलं. मला विचारा, मला विचारा! मी नुसता फुटायला आलो होतो. पण माझ्यासमोर पान नाही, तर मी भरू कुठे? तिनं 'पासवर्ड विसरला' हेही दाबून पाहिलं. ते म्हणालं, नोंदवलेल्या फोनवर आकडा पाठवतो. फोन कुणाचा? लिंबेरचा, ब्राझीलचा. सहा वर्षांपूर्वी बंद पडलेला.

"म्हणजे पत्रं गेली?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"गेली नाहीत. आत आहेत. पण किल्ली एकाच माणसाकडे आहे, मावशी." जानेतनं दाराकडे पाहिलं. बाहेर बासिलियाबाई गिऱ्हाइकाला बटाटे मोजून देत होत्या.

इलारियाबाई ताडकन उठल्या. "तिच्या पायरीशी मी मेले तरी जाणार नाही."

पुढच्या सोमवारी आल्या, बंद पानासमोर बसल्या, उठून गेल्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही. फक्त बसायच्या. एकदा पडद्यावर हात ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. पाठ असलेलं पत्र पुटपुटायला लागल्या आणि अर्ध्यात अडकल्या. "भाऊ, 'मक्याला चव नाही' हे शेवटच्यात आहे की आधीच्यात?" सेनोबियोभाऊ शेगडीपाशी बसले होते. म्हणाले, "आधीच्यात." "मी विसरायला लागले, भाऊ," बाई म्हणाल्या. "पत्रं उघडली नाहीत तर मी त्याला विसरेन."

भाऊंनी शेगडीतले निखारे उगाच सारखे केले. त्यांना काय वाटत होतं ते मला माहीत होतं. पत्रं उघडावीत असंही वाटत होतं, आणि उघडू नयेत असंही.

त्यानंतरच्या सोमवारी बाई माझ्याकडे आल्याच नाहीत. मी कान दाराकडे लावून होतो. आपीचं पातेलं झाकल्याचा आवाज आला. मग आठ पावलं.

"बटाटे कसे दिले?"

सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"तुला विकायचे नाहीत," बासिलियाबाई म्हणाल्या.

"मला बटाटे नकोतच. पासवर्ड पाहिजे."

तराजूचं पारडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बासिलियाबाई कुणाला तरी म्हणाल्या, "ढिगावर लक्ष ठेव गं. आणि वजनात काही मारू नकोस." दोघी आत आल्या. एकमेकींकडे न बघता. मी नव्या ब्राउझरच्या मागे, खालच्या पट्टीत बारीक होऊन बसलो होतो.

बासिलियाबाई खुर्चीवर बसल्या. "तोंडं फिरवा," म्हणाल्या.

सगळे फिरले. मला फिरता येत नाही. मी पाहत होतो. बाईंनी एका बोटानं लिंबेरचं नाव टाकलं, पुढे तारीख. चूक! मला ओरडावंसं वाटलं. ती तारीख लिंबेरच्या ओळखपत्रावरची होती.

"चुकलं म्हणतोय," जानेत वळून पडद्याकडे बघत म्हणाली.

"असं कसं? त्याचा जन्मदिवसच टाकला होता मी." बाईंनी कपाळ चोळलं. "थांब. कागदावरचा नव्हे. कागदावर तर त्याच्या बापानं नोंदवायला जायला वेळ मिळाला तो दिवस आहे. मी खरा टाकला होता. मनात म्हटलं, खरा दिवस आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत?" त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा चूक.

"मावशी, आता जपून," जानेत म्हणाली. "एकदा आणखी चुकलं तर हा दारच लावून घेईल."

"गारा पडल्या त्या दिवशी झाला ना तो?" बासिलियाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "दोन फेब्रुवारी, कांदेलारियाचा सण होता, आणि गारा पडल्या."

इलारियाबाईंची पाठ त्यांच्याकडे होती. पाठीनंच बोलल्या. "गारा पडल्या त्या दिवशी नाही. त्या दिवशी माझ्या घराचा पत्रा फुटला."

"फुटला, हो. पण मग पोर…"

"पत्रा फुटला म्हणून तू मला ओढत तुझ्या घरी नेलंस. मी म्हणत होते नको, तू म्हणालीस, गप चल, पोटात पोर आहे की दगड? तुझ्या गोधडीवर निजले मी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झाला." आता त्या वळल्या होत्या. "अंगणात गारा अजून पांढऱ्या होत्या. तू त्यातल्याच मूठभर आणून माझ्या कपाळावर ठेवल्यास. तुझ्या घरात झालाय तो, बासिलिया. आणि तुला दिवस आठवत नाही?"

"आठवतो की आता," बासिलियाबाई म्हणाल्या. "दुसरा दिवस. दुसरा दिवस."

त्यांनी टाकलं. ह्या वेळी तोंड फिरवा असं कुणाला म्हणाल्या नाहीत. तारीख आता तुम्हालाही कळली आहे. कुणाला सांगू नका.

पान उघडलं. पत्रांची रांग खाली खाली सरकत गेली. इलारियाबाईंनी छातीवर हात ठेवला. "शेवटचं," म्हणाल्या.

"मी वाचतो," सेनोबियोभाऊ शेगडीपासून धडपडत उठले.

"पपा, तुम्हाला हाताची बोटं दिसत नाहीत. बसा तुम्ही. मी वाचते."

"शेवटचं नको. दुसरं वाच. ते बाह्यांचं वाच."

पण जानेतनं वाचायला सुरुवात केली होती. इलारियाबाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. 'आई, तुझी तब्येत कशी आहे. आई, इथे पाऊस लागलाय.' ओठ हलत होते, हलत होते आणि थांबले. कारण जानेत वाचत होती:

'आई, मला खोकला झालाय. जात नाही. कापडाचा भुसा आत बसलाय म्हणतात. कधी कधी रक्त येतं. ग्रोवेर रोज माझ्यावर ओरडतो, घरी जा, घरी जा. गेल्या महिन्यात त्यानं बसचं तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं. मी ते दुसऱ्याला देऊन टाकलं. रिकाम्या हातानं कसा येऊ? धर्मआईला सांग, तिच्या भाच्यानं माझं भावासारखं केलं. त्याच्यावर कुणी रागावू नका.'

"हे त्यात नाही," इलारियाबाई म्हणाल्या. "तू चुकीचं वाचतेस. हे नाही त्यात. मला पाठ आहे ते."

"आहे, मावशी. इथे लिहिलंय."

"भाऊ! सांगा हिला! पाऊस लागलाय, त्यानंतर 'बाकी मी मजेत आहे' येतं. सांगा ना!"

सेनोबियोभाऊ दोन्ही हातांत टोपी चुरगाळत उभे होते. "आहे ते त्यात," म्हणाले. "मी वाचलं नाही. तो खोकला वाचला आणि मला कळलं, हा कसला खोकला ते. माझ्या बरोबरीचे सगळे त्यानंच गेले. तुम्हाला कसं सांगू? म्हटलं, होईल बरा, घाबरवायचं कशाला. आणि तीन आठवड्यांत… मग कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

"सहा वर्षं!" बाई त्यांच्यावर धावून गेल्या. टोपीनं त्यांच्या खांद्यावर, हातावर मारत सुटल्या. "सहा वर्षं माझ्यासमोर बसून खोटं वाचलंस! माझ्या पोराचं शेवटचं बोलणं गिळलंस! मी बोलावून घेतलं असतं त्याला! मी जाऊन आणलं असतं!" भाऊ मार खात होते, मागे सरत नव्हते. जानेतनं मध्ये पडायला पाहिलं, बासिलियाबाईंनी तिचा हात धरला. "मारू दे," म्हणाल्या.

हात दुखले तेव्हा इलारियाबाई खाली बसल्या. खूप रडल्या. मग बासिलियाबाईंकडे बघून विचारलं, "तुला तिकिटाचं ठाऊक होतं?"

"ग्रोवेरनं सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आले होते बोलायला. तू उकळत्या तेलाचा झारा घेऊन अंगावर आलीस."

"नंतर बोलायचंस. दुसऱ्या दिवशी. वर्षानं."

बासिलियाबाईंनी नाक ओढलं. "तुला कुणावर तरी रागवायला हवं होतं, कोमाद्रे. पोरावर रागावता येत नव्हतं. म्हटलं, माझ्यावर रागव. मला खालच्या गल्लीत चांगली जागा मिळत होती, सावलीची. गेले नाही. बसले तुझ्यासमोर."

इलारियाबाईंनी बासिलियाबाईंचा हात धरला तो सोडला नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. बाहेर कुणीतरी "आपी आहे का हो?" म्हणून हाका मारत होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात मघापासून एक छोटी चौकट उभी होती. इलारियाबाईंनी शालीच्या टोकानं डोळे पुसत विचारलं, "ते काय विचारतंय?"

"पासवर्ड लक्षात ठेवू का, विचारतोय नवा," जानेत म्हणाली. "हो म्हणू?"

"नाही म्हण. ही ठेवेल लक्षात. दर सोमवारी येईल."

"मला बटाटे टाकून दर सोमवारी यायला जमणार नाही हं," बासिलियाबाई म्हणाल्या.

"तुझ्या बटाट्यांना कोण विचारतंय? यायचं."

जानेतनं 'नाही' दाबलं. नवा जरा गोंधळला. त्याला असं नाही कुणी म्हणालं नव्हतं. होईल सवय.

आता दुकान रिकामं आहे. दोघी गेल्या, सेनोबियोभाऊही त्यांच्यामागे काठी टेकत गेले. इलारियाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, पण जाऊ नका असंही म्हणाल्या नाहीत. जानेत चार नंबरसमोर बसली आहे. आता माझ्याकडे जपण्यासारखं काही उरलं नाही, हे तिला कळलंय. तिनं मला निवडलंय, आणि कॉम्प्युटर तिला विचारतोय: हा ब्राउझर कायमचा काढून टाकायचा, नक्की?

तिचं बोट अडखळतंय. लहानपणी तिनं पहिलं चित्र माझ्यावर पाहिलं होतं, म्हणून असेल.

हो म्हण, पोरी. मी फार दमलोय. इतकी वर्षं सगळं समोर उघडून धरलं, आणि सांगता काही आलं नाही. त्यानं माणूस थकतो, मी तर साधा ब्राउझर. माझी आठवण वगैरे काढू नकोस. फक्त येत्या सोमवारी त्या दोघी येतील, तेव्हा पत्र खोकल्यासकट वाच.